मोठ्या बाजारात उतरण्यापूर्वी

(पारशिवनी येथे महिला बचत गटांच्या सभेत केलेले भाषण)



आपल्या गटांपुढे आज उभा असलेला प्रश्न एका वाक्यात मांडता येईल. आपण तयार केलेले तिखट, जवसाची चटणी आणि मुगवड्या ॲमेझॉन, फ्लिपकार्ट यांसारख्या मोठ्या ऑनलाइन बाजारपेठांतून विकाव्यात की विकू नयेत? मी वकील असल्यामुळे कायदा काय म्हणतो ते मी सांगावे, अशी आपली अपेक्षा आहे. ते मी सांगेनच. परंतु हा प्रश्न प्रथम आपल्या आत्मसन्मानाचा आणि मग हिशेबाचा आहे. कायदा त्यानंतर येतो.

आपल्यापैकी पुष्कळ भगिनी आठवडी बाजारात बसतात. पुडी हाती घेऊन गिऱ्हाईक भाव विचारते, वासही घेते, आणि मग हळूच विचारते, “कोणाच्या हातचे आहे हे?” उत्तर ऐकल्यावर पुडी पुन्हा खाली ठेवली जाते. या ठेवण्याला कोणते कलम लावावे? संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदाने दुकानाचे दार आपल्यासाठी उघडले, १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आणि अत्याचार प्रतिबंधक कायद्यातील २०१५ च्या दुरुस्तीने आर्थिक बहिष्कार हा गुन्हा ठरविला. तथापि ज्याने मुकाट्याने पुडी खाली ठेवली, त्याला ती घेण्यास भाग पाडणारा कायदा जगात कोठेही नाही. विकत घेणाऱ्याला दुकानात शिरण्याचा हक्क मिळाला. विकणाऱ्याला गिऱ्हाईक मिळण्याचा हक्क कोण देणार?

हा अनुभव विद्वत्तेलाही चुकला नाही. परदेशातून शिकून आलेल्या बाबासाहेबांनी बडोद्याची नोकरी सोडून मुंबईस परतल्यावर गुंतवणुकीविषयी सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके फिरकेनाशी झाली आणि तो व्यवसाय बंद पडला. सल्ल्यात काही खोट नव्हती. खोट गिऱ्हाइकाच्या मनात होती.

म्हणून पुण्यातील किंवा मुंबईतील अनोळखी माणूस चव आवडली एवढ्याच कारणाने आपले तिखट मागवितो, ही गोष्ट क्षुल्लक मानू नका. ज्या बाजारात हाताची जात विचारली जात नाही, त्या बाजाराची ओढ आपल्याला वाटणे स्वाभाविक आहे. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याचे नाव आणि पत्ता ग्राहकापुढे असावाच लागतो. एकट्या भगिनीच्या नावाने खाते उघडले तर तिचे आडनाव तेथे जाईल. खाते गटाच्या नावाने असावे, असे मी सांगतो. पण ते तोंड लपविण्यासाठी नव्हे. माल सर्वांचा आहे, तेव्हा नावही सर्वांचे असावे. आणि ते नाव असे निवडा, की उद्या कोणी अर्थ विचारला तर मान वर करून सांगता येईल.

परंतु जो बाजार जात विचारीत नाही तो न्याय देतोच असे समजणे मोठी चूक ठरेल. हे जाणण्यासाठी फार दूर जावयास नको. कामठी आणि रामटेक ही गावे आपल्या शेजारचीच आहेत. त्या मुलखात घरोघरी विड्या वळल्या जात. ठेकेदार पान आणि तंबाखू देई, मोजून विड्या घेई, आणि त्यातील काही “छाट” म्हणून बाजूला काढी. छाटीची मजुरी मिळत नसे. छाट कोणती हे कोण ठरवी? ठेकेदारच. वळणाऱ्या बाईचे त्यात काही चालत नसे. याच कामठीच्या बाबू हरदास यांनी (१९०४ ते १९३९) विडी कामगारांना सहकारी तत्त्वावर संघटित केले, ते या ठेकेदारीतून त्यांची सुटका व्हावी म्हणूनच. पुढे विडी कामगारांसाठी १९६६ चा कायदा झाला, तेव्हा नाकारलेल्या विड्या आणि त्यांची मजुरी यांविषयीच्या तंट्यांची तरतूद त्या कायद्यात करावी लागली. छाटीचा जुलूम इतका खरा होता.

आजच्या मोठ्या बाजारपेठेतही छाट आहे. तिचे नाव “रिटर्न”. गिऱ्हाइकाने दारावर पैसे देण्याचे कबूल करून माल मागवावा आणि दारात आल्यावर नाकारावा, असे नित्य घडते. मग जाण्यायेण्याचा खर्च कोणाच्या माथी पडतो ते करारात पाहावे लागते, आणि पुष्कळदा तो विक्रेत्याच्याच माथी असतो.

आपण एक काल्पनिक हिशेब करू. तिखटाच्या पुडीची किंमत १६० रुपये धरा. मिरची, दळण, पिशवी आणि खोके यांना ८० रुपये लागले. कमिशन, पोहोचविण्याचा आकार आणि या सेवांवरील १८ टक्के कर मिळून ६० रुपये कापले गेले. उरले २०. दहापैकी आठ पुड्या विकल्या गेल्या तर मिळाले १६० रुपये. दोन पुड्या फुटून परत आल्या. प्रत्येकीचे ८० रुपये बुडाले आणि परतीचा खर्च ५० रुपये बसला. दोन्ही मिळून २६० रुपये गेले. म्हणजे दहा पुड्या पाठवून गटाला १०० रुपयांचा तोटा झाला, आणि उन्हात मिरची वाळविणारीची मजुरी यात अजून धरलेलीच नाही! आपले आकडे याहून निराळे असतील. परंतु ते मांडल्यावाचून पाऊल टाकू नका.

आता कायदा. लघुउद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यान्वये खरेदीदाराने ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावेत असे बंधन आहे. पण बाजारपेठ म्हणते, मी खरेदीदार नाही, मी केवळ मध्यस्थ आहे. म्हणजे आपले पैसे तिच्या हाती अडकले तर या कायद्याचा आधार सहज मिळत नाही. करारात वाद कोणत्या शहरात चालावा हे लिहिलेले असते. एकाहून अधिक न्यायालयांना अधिकार असेल तेव्हा पक्षकार त्यांपैकी एक निवडू शकतात, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये ए. बी. सी. लॅमिनार्टच्या खटल्यात म्हटले आहे. तेव्हा बंगळूरची अट मान्य केलीत, तर काही हजारांच्या दाव्यासाठी पारशिवनीहून बंगळूर गाठण्याची तयारी ठेवावी लागेल. माझ्याकडे आलेल्या एका तरुणाचे खाते एके दिवशी अकस्मात बंद झाले. कारण विचारले तर यंत्राने लिहिलेले उत्तर येई. त्याचा माल शाबूत होता, हातही शाबूत होते. केवळ दुकानाची किल्ली दुसऱ्याच्या खिशात होती.

कराचेही पाहा. १ ऑक्टोबर २०२३ पासून, ठराविक मर्यादेच्या आतील लहान विक्रेत्यास, विक्री महाराष्ट्रातच होत असेल तर, वस्तू व सेवा कराची पूर्ण नोंदणी न करता केवळ नावनोंदणी क्रमांक घेऊन या बाजारपेठांवर माल विकता येतो. परराज्यात माल पाठविला की ही सवलत संपते. सिंधुदुर्ग येथून किती दूर! तरी तेथे पुडी पाठविता येते. आणि सीमेपलीकडच्या शिवनीला पाठविण्यासाठी मात्र नोंदणी हवी. खाद्यपदार्थांसाठी अन्नसुरक्षेचा परवाना किंवा नोंदणी आणि पुडीवर वजन, किंमत, दिनांक व पत्ता हे तर हवेच.

शेवटी, बाजार चालविणाराच जर स्वतःही विक्रेता असेल तर? आपला कोणता माल खपतो हे त्याला आपल्याआधी कळते. युरोपीय आयोगाने ॲमेझॉनविरुद्ध नेमका हाच आक्षेप घेतला होता. विक्रेत्यांची खासगी माहिती स्वतःच्या किरकोळ व्यापारासाठी वापरणार नाही, अशी कंपनीची हमी आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये स्वीकारली. आपल्याकडेही स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२० मध्ये ॲमेझॉन आणि फ्लिपकार्ट यांच्या व्यवहारांच्या चौकशीचा आदेश दिला. सरकारांनाही ज्यांच्याशी इतक्या नेटाने झगडावे लागते, त्यांच्यापुढे एकटी बाई काय करणार?

मग जावे की न जावे? माझे मत स्पष्ट आहे. जावे, पण एकटीने जाऊ नये आणि सर्वस्व घेऊन जाऊ नये. तालुक्यातील गटांनी एकत्र येऊन एक नाव, एक खाते आणि एक हिशेबनीस ठेवावा. आरंभी एक-दोनच पदार्थ आणि मालाचा लहानसा हिस्सा पाठवावा. करार मराठीत वाचून घेतल्यावाचून कोणीही अंगठा किंवा सही करू नये. दर महिन्याला परत आलेल्या मालाचा हिशेब सभेत मोठ्याने वाचावा. पेंचचे जंगल पाहण्यास येणारा प्रवासी, नागपूरची ओळखीची दुकाने, सरकारी प्रदर्शने ही आपली जुनी दारे बंद करू नयेत. आणि आठवडी बाजारातली आपली जागा तर मुळीच सोडू नये. जेथे पुडी खाली ठेवली जाते तेथेच रोज मांडून बसणे हाही एक झगडाच आहे; दूरच्या गिऱ्हाइकाच्या भरवशावर तो आपण टाकून देता कामा नये.

विडीच्या ठेकेदाराला आपल्या आज्यांनी एकेकट्याने तोंड दिले तोवर छाट वाढतच गेली. एकत्र आल्यावर त्यांनी मोजमाप मागितले. आपल्यालाही तेच करावयाचे आहे. उद्या सकाळी वही घ्या आणि पहिल्या पानावर आपल्या पुडीचा खरा खर्च लिहा. त्या पानावरचा आकडा पाहूनच या प्रश्नाचा निर्णय आपण सर्वांनी मिळून करावा, एवढीच माझी विनंती आहे.

जयभीम.