माउली म्हणायचं कुणाला?

त्र्यंबकेश्वरला येणारा माणूस बहुधा दोन ठिकाणी जातो, ज्योतिर्लिंगाच्या देवळात आणि कुशावर्तावर. पौष वद्य एकादशीला मात्र गर्दीचं तोंड तिसरीकडे वळतं. ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी निवृत्तिनाथांची समाधी आहे. तिथे दिंड्या येतात आणि सगळ्या गावात एकच हाक ऐकू येते : माउली! कवितेतल्या स्त्रीत्वाबद्दल आणि मातृत्वाबद्दल बोलायचं, तर मला या हाकेपासूनच सुरुवात करावीशी वाटते. कारण मराठीत आईसाठी असलेला हा सर्वांत मोठा शब्द आपण वापरतो तो मुख्यतः पुरुषांसाठी.

ज्ञानेश्वरांना आपण माउली म्हणतो. पण ज्ञानेश्वरांची माउली कोण? आईवडील लहानपणीच गेले. परंपरा सांगते की समाजानं त्यांना देहान्त प्रायश्चित्त घ्यायला लावलं. मागे राहिली चार पोरकी भावंडं. थोरल्या निवृत्तीला त्र्यंबकेश्वराच्या डोंगरात गहिनीनाथ भेटले आणि तो धाकट्या भावाचा गुरू झाला. १२९० साली नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तिच्या बाराव्या अध्यायाचा आरंभ मुद्दाम वाचून पाहा. तिथे ज्ञानेश्वर गुरूच्या कृपादृष्टीला वंदन करतात, आणि ती कृपादृष्टी चक्क बाई आहे. ती साधकाला मांडीवर घेते, हृदयाच्या आकाशात पाळणा बांधते, मन आणि प्राण यांची खेळणी करते, आत्मसुखाचे दागिने घालते, दूध पाजते आणि अनाहत नादाची अंगाई म्हणून झोपवते. योगशास्त्रातला अवघड विषय, पण त्याला सगळं साहित्य बाळंतिणीच्या खोलीतलं. आईवेगळ्या मुलानं आईचं वर्णन करावं तर असं. आणि हे ज्याच्या कृपेला उद्देशून आहे, तो थोरला भाऊ त्र्यंबकेश्वरी समाधिस्थ आहे.

याच घरात आणखी एक आई होती. सगळ्यांत धाकटी, मुक्ताबाई. लोकांच्या बोलण्यानं दुखावलेला ज्ञानदेव झोपडीचं दार लावून बसला, तेव्हा बाहेर उभं राहून त्याची समजूत कुणी घातली? तिनं. ताटीचे अभंग म्हणून आपण ते ओळखतो. विशी गाठायच्या आतच गेलेली ही मुलगी, लग्न नाही, मूल नाही. तरी त्या अभंगांतला आवाज आईचा आहे : समजावणारा, थोडा रागावणारा, पण दारासमोरून न हलणारा. योगी चांगदेवांनी तिला गुरू केलं, असं परंपरा मानते. नामदेवांच्या घरी राबणाऱ्या जनाबाईचंही तसंच. तिला स्वतःचा संसार नव्हता, पण विठ्ठल तिनं लेकुरवाळा करून टाकला. कडेवर, खांद्यावर संतांची पोरं घेतलेला. पुढे तुकोबांनी त्याला सरळ विठाबाई केलं.

म्हणजे आमच्या जुन्या कवितेत मातृत्व गर्भाशयाला बांधलेलं नाही. ती एक वृत्ती आहे. पुरुषाला ती येऊ शकते, अविवाहितेला येऊ शकते, देवालाही येऊ शकते.

आता याच गावातली दुसरी बाजू. त्र्यंबकेश्वरात नारायण नागबलीचा तीन दिवसांचा विधी होतो. तो ज्या कारणांसाठी करतात, त्यांत संतती न होणं हे एक मोठं कारण आहे. दूरदूरची जोडपी येतात. त्यांच्या श्रद्धेवर मला काही म्हणायचं नाही. पण या बायांच्या वाट्याला येणारा एक शब्द आपल्या भाषेत आहे, वांझ. पुरुषासाठी तितक्या सर्रास वापरला जाणारा, तितका बोचरा शब्द मला आठवत नाही. मूल न होण्याचं कारण पुरुषात असण्याचं प्रमाणही थोडंथोडकं नाही, हे वैद्यक केव्हापासून सांगतं आहे. भाषेला अजून ते कळलेलं नाही.

जात्यावर दळणाऱ्या बायांना मात्र या शब्दाचं वजन ठाऊक होतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी खेडोपाडी फिरून जमवलेल्या ओव्यांची संख्या लाखावर आहे. त्यांत लेकाचं कौतुक आहे, लेकीला सासरी धाडतानाची कालवाकालव आहे, आणि वांझपणाचं दुःखही आहे. पहाटेच्या अंधारात, घर झोपलेलं असताना, दगडाशी बोललेलं. त्या ओव्यांत आई म्हणजे देवता वगैरे नाही. ती दमते, चिडते, माहेरची वाट पाहते.

छापील कवितेत मात्र विसाव्या शतकात आई आली ती मुलाच्या तोंडून. यशवंत, माधव जूलियन. शाळेत शिकलेल्या त्या कविता ऐकल्या की अजून घसा दाटतो, त्यात कमीपणा काहीच नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या. त्या कवितांतली आई हयात नसते. ती गेलेली असते, मूल हाका मारत असतं, आणि ती स्वतः काही बोलत नाही. गेलेल्या आईला देव्हाऱ्यात बसवणं सोपं असतं. घरात कामावर निघालेली आई कवितेत आणायला नारायण सुर्वे यावे लागले. जन्मतःच टाकून दिलेल्या या पोराला गंगाराम आणि काशीबाई सुर्वे या गिरणी कामगार जोडप्यानं वाढवलं. त्यांच्या 'माझी आई' कवितेतली आई पहाटे गिरणीत जाणारी बाई आहे. पोटची आई नव्हे, हे वाचताना कुणाला आठवतही नाही.

आणि आई स्वतः लिहू लागली की काय होतं? इंदिरा संतांचे पती ना. मा. संत १९४६ साली गेले. बेळगावात नोकरी करून त्यांनी तीन मुलं वाढवली. पण 'शेला', 'मेंदी', 'मृगजळ' या संग्रहांत शोधायला जाल तर मुलांची आई थोडी आणि एकटी बाई पुष्कळ सापडेल. प्रेम केलेली, हरवलेली, रात्र जागून काढणारी. मला ते फार मोलाचं वाटतं. आई झाल्यावर बाईपण संपतं, असं जे आपण न बोलता गृहीत धरतो, ते त्यांनी मानलं नाही. 'गर्भरेशीम' या त्यांच्या संग्रहाला १९८४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

तीनशे वर्षांपूर्वी हेच एका बाईनं जास्त धीटपणे केलं होतं. वैजापूर भागातल्या देवगावची बहिणाबाई, जन्म १६२८. (खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी वेगळ्या, घोटाळा नेहमी होतो.) वयानं बऱ्याच मोठ्या बिजवराशी लहानपणी लग्न झालं. एका वासराचा लळा लागला, कीर्तनाचा ध्यास लागला, स्वप्नात तुकोबांचा उपदेश झाला, आणि म्हणून नवऱ्याचा मार खाल्ला. नवरा संसार सोडून निघाला तेव्हा ती गरोदर होती. हे सगळं तिनं अभंगांत लिहून ठेवलं आहे. बाईचा देह मिळाला म्हणून वेदाचा अधिकार नाही, ही तक्रारही तिनं लपवली नाही.

१७०० साली अंतकाळ जवळ आल्यावर ती मुलाला जवळ बोलावते. उपदेश करायला नव्हे, आशीर्वाद द्यायलाही नव्हे. आपल्या मागच्या जन्मांची हकीकत ती त्याला एकामागून एक सांगते : कुठे जन्मले, कुणाची लेक होते, काय भोगलं, आणि त्यांतल्या काही जन्मांत तूही माझ्याबरोबर कसा होतास. आई बोलते आहे, आणि मुलगा बसून ऐकतो आहे.