बातमी आणि मुलांचे मन



ज्या गुरुजींच्या स्मृतीस हे व्याख्यान वाहिले आहे, ते मुलाचा प्रश्न कधी अर्धा सोडत नसत. मी मात्र एकदा सोडला. त्याचीच कबुली आज देतो.

30 जुलै 2024 रोजी मध्यरात्रीनंतर केरळातील वायनाड जिल्ह्यात दरडी कोसळल्या आणि मुंडक्कई, चूरलमला ही गावे चिखलाखाली गेली. दूरचित्रवाणीवर तीच दृश्ये दिवसभर दिसत होती. त्या आठवड्यात डिचोली तालुक्यातील साळ गावचा, सातवीतला एक मुलगा माझ्याकडे आला. मुलगा हिशेबी, प्रत्येक गोष्टीचे कारण मागणारा. रात्री त्याला झोप येत नव्हती. "सर, आमच्या वरच्या अंगाला तिळारीचे धरण आहे. आमच्याकडे असे होईल?" मी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणालो, "छे, आपल्याकडे काही होणार नाही." त्याने शांतपणे विचारले, "मग 2019 च्या ऑगस्टात गावात पाणी कसे आले?"

मी निरुत्तर झालो. तो पूर साळप्रमाणेच पलीकडे पेडण्याच्या इब्रामपूर, हणखणे, चांदेल भागातही शिरला होता, हे मलाही ठाऊक होते. तर्काने चालणाऱ्या मुलाला खोटा धीर दिला, की त्याची भीती जात नाही. आपल्यावरचा विश्वास तेवढा जातो.

दुसऱ्या दिवशी आम्ही वही घेऊन बसलो. वायनाडात उभ्या उतारावरची माती आणि दगड पाण्यासह एकाएकी खाली आले. शापोरा नदीचे पाणी चढते तेव्हा बहुधा इशाऱ्याला वेळ मिळतो. त्या वेळात कोणाकडे जायचे, आजीला कोण नेणार, कागदपत्रांची पिशवी कोठे असेल, हे त्याने लिहिले आणि घरच्यांशी बोलून पक्के केले.

"मग आता धोका शून्य?" त्याने विचारले.

"नाही. थोडा उरतोच. पण त्यासाठी जागणारी मोठी माणसे आहेत. तू एकट्याने जागायचे नाहीस."

पुढेही तोच प्रश्न घेऊन तो अधूनमधून येई. मी नवे आश्वासन न देता वही उघडायला सांगे. हळूहळू तो वहीही मागेनासा झाला.

पालकहो, बातमी लपवू नका; ती वर्गात कळतेच. मात्र ती दिवसातून एकदा, मुलाच्या शेजारी बसून पाहा. पुन्हापुन्हा दाखविलेली दरड लहान मुलाला दर वेळी नव्याने कोसळलेली वाटू शकते. आणि जे ठाऊक नसेल, ते ठाऊक नाही असे सांगा. मूल तेवढे सत्य पेलते.