विमानाआधी धातू



या परिषदेचं अध्यक्षपद मला दिलंत, त्याबद्दल मी आपला ऋणी आहे. लढाऊ विमानं आणि शस्त्रास्त्रं यांना लागणाऱ्या प्रगत पदार्थांच्या संशोधनावर सरकारने पैसा कशा रीतीने खर्च करावा, याविषयी आज बोलायचं आहे. किती खर्च करावा, याची चर्चा दरवर्षी अर्थसंकल्पानंतर आठवडाभर होते. कशा रीतीने, याची मात्र जवळजवळ होतच नाही.

१९८९ साली तेजस या देशी लढाऊ विमानासाठीच्या कावेरी इंजिनाला मंजुरी मिळाली. रक्कम सुमारे ३८३ कोटी, मुदत १९९६ अखेरची. तेजस विमान जानेवारी २००१ मध्ये आकाशात गेलं ते अमेरिकन एफ-४०४ इंजिनावर, आणि २००८ मध्ये कावेरी तेजसपासून अलग करण्यात आलं. ‘कावेरी फसलं’ असं तेव्हापासून सर्रास म्हटलं जातं. हा निवाडा मला मान्य नाही. इंजिनाची मुदत कागदावर लिहिताना, त्या इंजिनाच्या पोटातला धातू तयार व्हायला किती वर्षं लागतील, याचा हिशेब वेगळा मांडायला हवा होता. तो मांडला गेला नाही, आणि धातूचा उशीर इंजिनाच्या नावावर जमा झाला.

हा धातू एवढा अवघड का? टर्बाइनच्या पहिल्या पात्यांवर येणाऱ्या वायूचं तापमान त्या पात्यांच्या मिश्रधातूच्या वितळणबिंदूपेक्षाही जास्त असतं. पात्याच्या आतून बारीक वाटांनी हवा खेळवून ते तगवावं लागतं, आणि तशा स्थितीत ते प्रचंड वेगाने फिरत असतं. नेहमीच्या ओतकामात धातू गोठताना असंख्य स्फटिककण तयार होतात आणि तापलेलं पातं त्या कणांच्या सीमांवरच आधी दगा देतं. म्हणून अख्खं पातं एकाच स्फटिकाचं ओतायचं. मेणाचा नमुना, त्यावर सिरॅमिकचा साचा, मग निर्वात भट्टी. निकेलचा मिश्रधातू ओतला की साचा भट्टीच्या तापलेल्या भागातून मिनिटाला काही मिलिमीटर इतक्या सावकाश खाली ओढायचा. साच्याच्या तळाशी एक अरुंद, वळणदार वाट ठेवलेली असते. खालून गोठत वर येणाऱ्या अनेक स्फटिकांपैकी एकच तिच्यातून पुढे जातो आणि तोच पातं होतो. साचा फोडल्यावर पात्याला ॲसिड लावून ते उजेडात फिरवून पाहायचं. कुठे वेगळ्या चमकेचा एक ठिपका दिसला, तर दुसरा कण शिरला. पातं बाद.

हैदराबादची संरक्षण धातुशास्त्रीय संशोधन प्रयोगशाळा, म्हणजे डीएमआरएल, १९६३ साली स्थापन झाली. कावेरीसाठी तिने एकाच दिशेने गोठवलेली पाती केली, आणि एप्रिल २०२१ मध्ये हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी एकस्फटिकी पाती, ६० नग, हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या हवाली केली. ही विद्या हाती असलेले देश मोजकेच आहेत. त्या ६० पात्यांमागे बाद झालेल्या पात्यांचा ढीग असणार, हे आपल्यापैकी ज्याने कधी भट्टीवर काम केलं आहे त्याला सांगायला नको. लेखापरीक्षणात तो ढीग नासाडी म्हणून दिसतो. धातुशास्त्रात तोच मुद्दल आहे, अट एवढीच की प्रत्येक बाद पात्याची नोंद झाली पाहिजे आणि ती नोंद वाचता येणारा माणूस जागेवर राहिला पाहिजे. आपल्याकडे प्रकल्प संपला की करारावरचा तंत्रज्ञ घरी जातो. साचा किती भाजायचा, ओढण्याची गती कुठे बिघडते, हे त्याच्या हातात असतं; तो गेला की पुढच्या मंजुरीनंतर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

अर्धवट धीराची किंमत इतरांनीही मोजली आहे. कार्बन तंतू बळकट करण्याची रीत १९६० च्या दशकात ब्रिटनच्या फार्नबरो येथील सरकारी विमान संशोधन संस्थेत सिद्ध झाली. रोल्स-रॉईसने त्या तंतूचे पंखे आरबी-२११ इंजिनात घालायची घाई केली. पक्षी आदळण्याच्या चाचणीत ते टिकले नाहीत, टायटॅनियमकडे वळावं लागलं, खर्च चढत गेला आणि फेब्रुवारी १९७१ मध्ये कंपनी दिवाळखोरीत निघाली. त्याच वर्षी जपानच्या तोरे कंपनीने कार्बन तंतूचं व्यापारी उत्पादन सुरू केलं. पुढची कित्येक वर्षं तिने तो गोल्फच्या आणि मासेमारीच्या काठ्यांसाठी विकला, पण सोडला नाही. आज बोईंग ७८७ च्या वजनाचा निम्मा भाग संमिश्र पदार्थांचा आहे आणि त्यातला तंतू तोरेचा आहे.

धीराने पैसा देण्याचं उदाहरणही आहे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९६० मध्ये कॉर्नेल, पेनसिल्व्हेनिया आणि नॉर्थवेस्टर्न या विद्यापीठांत पदार्थविज्ञानाच्या आंतरशाखीय प्रयोगशाळा उभ्या केल्या. पुढे त्यांची संख्या १२ झाली. पैसा दिला तो इमारतींना, उपकरणांना आणि विद्यार्थ्यांना, अनेक वर्षांच्या हमीवर. अमुक विमानाचा अमुक भाग द्या, अशी अट घातली नव्हती. त्यातून तयार झालेल्या पिढ्यांनी पुढे विमानंही केली आणि संगणकाच्या चिप्सही.

आपल्याकडे २०२५-२६ ची संरक्षण तरतूद सुमारे ६.८१ लाख कोटींची होती आणि त्यात डीआरडीओचा, म्हणजे संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेचा, वाटा सुमारे २६,८१७ कोटींचा. शंभरात चार रुपयांच्या आत. संरक्षण संशोधनाच्या निधीतला २५ टक्के वाटा उद्योग, नवउद्योग आणि शिक्षणसंस्थांसाठी राखण्याची घोषणा २०२२ च्या अर्थसंकल्पात झाली, ती स्वागतार्ह होती. जुलै २०२५ मध्ये मंजूर झालेली एक लाख कोटींची संशोधन योजनाही मोठी आहे. पण तिचा कल बऱ्यापैकी पक्व झालेल्या तंत्रज्ञानाकडे आहे. भट्टीपाशी पहिली दहा वर्षं कोण काढणार आणि कुणाच्या पगारावर, हा प्रश्न तसाच राहतो. चाचणीच्या सोयींचंही तेच. कावेरीची उड्डाण-चाचणी करायला आपल्याला रशियात आयएल-७६ विमानावर जावं लागलं होतं. परक्याच्या सोयीने मिळालेल्या चाचण्यांतून मिश्रधातू सुधारत नाही.

महाराष्ट्राला या कामात परकं वाटण्याचं कारण नाही. तेव्हाच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टचं एचटी-२ हे विमान १९५१ साली ज्यांच्या नेतृत्वाखाली उडालं, ते डॉ. विष्णू माधव घाटगे कोल्हापूर भागातले. नौदलाची पदार्थ प्रयोगशाळा अंबरनाथला आहे, स्फोटकांची आणि तोफांची पुण्यात. कोल्हापूरच्या ओतशाळांत पिढ्यान् पिढ्यांचं कसब आहे, आणि त्या कसबाला निर्वात ओतकामाची जोड देण्याचा विचार संरक्षण खात्याने गांभीर्याने करावा, असं मला मनापासून वाटतं.

शस्त्रांसाठी हे सगळं करायचं का, असं तरुण विद्यार्थी विचारतात. त्यांनी विचारलंच पाहिजे. माझं उत्तर सरळ आहे. शस्त्र केव्हा उचलायचं हे लोकनियुक्त सरकार ठरवतं. पण सुट्या भागासाठी दुसऱ्याच्या दारात उभ्या असलेल्या सरकारला तो निर्णयही मोकळेपणी घेता येत नाही. तेजसच्या ९९ इंजिनांचा करार ऑगस्ट २०२१ मध्ये झाला आणि पहिलं इंजिन मिळालं मार्च २०२५ मध्ये. तोवर विमानाचे सांगाडे इंजिनाची वाट पाहत राहिले.

उद्याच्या खुल्या अधिवेशनात एक ठराव येणार आहे. पदार्थ संशोधनाचा निधी विमानांच्या आणि क्षेपणास्त्रांच्या प्रकल्पांपासून वेगळा काढून किमान १५ वर्षांच्या हमीने द्यावा, भट्ट्यांवरच्या तंत्रज्ञांची पदं कायम करावीत, आणि अपयशी प्रयोगांच्या नोंदी, जेवढ्या खुल्या करता येतील तेवढ्या, विद्यापीठांना वाचायला द्याव्यात, अशी मागणी त्यात आहे. तो नीट वाचा, पटत नसेल तिथे दुरुस्ती सुचवा, पण एकमताने मंजूर करा. आणि आपापल्या खासदाराच्या हातात त्याची प्रत स्वतः नेऊन द्या, ही माझी आपणां सर्वांना विनंती आहे.