म्हातारपणाचा हिशेब
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



रविवारच्या पुरवण्यांत एक उपदेश नेमाने छापला जातो : लवकर बचत सुरू करा, चक्रवाढ व्याज आपले काम करील. हे गणित खोटे नाही. परंतु त्याची दुसरी बाजू गाळली जाते. महागाईही चक्रवाढीनेच वाढत असते.

2015 साली सुरू झालेल्या अटल पेन्शन योजनेचे उदाहरण घ्यावे. धुणीभांडी करणाऱ्या 18 वर्षांच्या मुलीने साठीपर्यंत, म्हणजे 42 वर्षे, दरमहा 210 रुपये भरले, तर तिला दरमहा 5,000 रुपयांची हमी मिळते. महागाई दरसाल 6 टक्के धरली, तर सुमारे 12 वर्षांत भाव दुप्पट होतात. या हिशेबाने साठीला हाती येणाऱ्या त्या 5,000 रुपयांचे मोल आजच्या सुमारे 430 रुपयांइतकेच उरते. हमी रुपयांची आहे, धान्याची नव्हे.

संघटित कामगाराची स्थितीही फारशी निराळी नाही. 1995 च्या कर्मचारी पेन्शन योजनेत पगाराला सेवेच्या वर्षांनी गुणून 70 ने भागण्याचे सूत्र आहे. 2014 साली या पगाराची कमाल मर्यादा 15,000 रुपये व किमान पेन्शन 1,000 रुपये ठरविण्यात आली. मर्यादेइतका पगार आणि 14 वर्षांची सेवा यांवर 3,000 रुपये पेन्शन बसते. तिलाही महागाई भत्ता जोडलेला नाही.

याउलट, 1 एप्रिल 2025 पासून केंद्रीय कर्मचाऱ्यांना खुल्या झालेल्या एकीकृत पेन्शन योजनेत महागाईच्या भरपाईची तरतूद आहे. ती न्याय्यच आहे. तिचा हेवा करण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच की, सरकारने आपल्या नोकरांबाबत मान्य केलेले तत्त्व मोलकरणीला आणि गिरणी कामगाराला का लागू होऊ नये?

पैसा कोठून आणावयाचा, असे विचारले जाईल. 2015 च्याच अर्थसंकल्पाने संपत्ती कर रद्द केला. 2019 साली कंपन्यांच्या प्राप्तिकरात कपात झाली, तेव्हा वर्षाला 1 लाख 45 हजार कोटी रुपयांचा महसूल सोडावा लागेल, हा अंदाज सरकारचाच होता. तेव्हा प्रश्न पैशाच्या अभावाचा नसून अग्रक्रमाचा आहे.

कष्टकऱ्याने बचत जरूर करावी. परंतु महागाईशी एकट्याने झुंजणे कोणाही कुटुंबाच्या आवाक्यातले नाही. म्हणून कार्यकर्त्यांनी हा हिशेब वस्तीवस्तीत मांडावा आणि प्रत्येक पेन्शन महागाई निर्देशांकाशी जोडण्याची मागणी संघटनांच्या मागणीपत्रात अग्रभागी ठेवावी.