तोंडी नकार स्वीकारू नका!
(शाखेच्या सभासद मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



आज मी महागाई भत्त्यावर बोलणार नाही. पतपेढीचे कर्ज काढून आपण गाडी घेतो, पाच-सात वर्षे पगारातून हप्ते कापले जातात, आणि सहा महिन्यांत गाडी बिघडली की डीलर म्हणतो, "हे वॉरंटीत बसत नाही." त्यावर बोलायचे आहे. हे माझ्यावर बेतलेले आहे.

मी गाडी भुसावळला असताना घेतली. वर्षाच्या आत बदली इटारसीला झाली. तिथे दुसऱ्या गिअरला खडखड सुरू झाली. डीलरने प्रथम सांगितले, "जिथे घेतली तिथे न्या." मग म्हणाला, "क्लच प्लेट झिजली, ती वॉरंटीत नाही." मी बिल भरले, पुढे सरकवलेल्या कागदावर न वाचता सही केली आणि घरी आलो. आठ दिवसांत खडखड परत सुरू! सही केलेला कागद काढून पाहिला, तर त्यावर छापले होते, 'काम समाधानकारक झाले.'

साथींनो, डीलर असे का करतो हे समजून घ्या. वॉरंटी देते कंपनी, काम करतो डीलर. कामाचे पैसे त्याला कंपनीकडून मागून घ्यावे लागतात. कंपनीने दावा नाकारला तर भुर्दंड त्याच्यावर. त्यापेक्षा गिऱ्हाइकाकडून रोख घेणे त्याला सोपे जाते. म्हणून तिथल्या मेकॅनिकशी भांडू नका. तो आपल्यासारखाच पगारदार आहे. निर्णय त्याच्या हातात नसतो.

आता आपली बाजू. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, वायपरचे रबर अशा झिजणाऱ्या वस्तू बहुधा वॉरंटीबाहेर असतात, हे खरे. टायर आणि बॅटरीची वॉरंटी बहुधा त्यांच्या उत्पादकाची वेगळी असते. पण एखादा भाग झिजला की मुळात सदोष होता, हे डीलरने नुसते तोंडाने सांगून चालत नाही. वॉरंटीचे पुस्तक घरी नीट वाचा. कंपनीची वॉरंटी साधारणपणे तिच्या कोणत्याही अधिकृत वर्कशॉपमध्ये चालते. ते कलम दाखवले की "जिथे घेतली तिथे न्या" हे उत्तर संपते.

इंजिनात बिघाड दिसला तर आपले लोको पायलट काय करतात? बुकात नोंद करतात. नोंद नाही तर बिघाड नाही! इथेही तेच. दर खेपेला जॉब कार्डावर तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्या: कोणत्या गिअरला, किती वेगाला, किती किलोमीटरवर. सुपरवायझरला शेजारी बसवून गाडी चालवून दाखवा. प्रत घेतल्याशिवाय हलू नका. पैसे भरावेच लागले तर बिलावर 'हरकत नोंदवून भरले' असे लिहा. आणि नकार मिळाला तर एवढेच म्हणा: "कारणासह लेखी द्या."

दुसऱ्या खेपेला मी हेच म्हणालो. मॅनेजरचा सूर बदलला. तरी लेखी काही मिळेना, म्हणून मी कंपनीला पत्र पाठवले आणि प्रत डीलरला दिली. टपालातल्या बांधवांना पोहोचपावतीचे मोल मी काय सांगणार? रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाले. पण पोहोचल्याचा पुरावा आजही मिळतो. तो जपून ठेवा. पंधरा दिवसांत कंपनीचा इंजिनिअर आला. दोष गिअरबॉक्सचा निघाला आणि तो विनामूल्य दुरुस्त झाला. पहिले बिल मात्र मी निमूट भरले होते. ते पैसे गेले ते गेलेच.

पत्राने काम झाले नाही तर? १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. १९८६ च्या कायद्यात, डीलर किंवा कंपनी जिथे, किंवा तक्रारीचे कारण जिथे घडले, तिथेच जावे लागे. बदलीच्या नोकरीत ते कसे जमणार? २०१९ चा कायदा जुलै २०२० मध्ये लागू झाला, आणि आता आपण राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. वकील सक्तीचा नाही. वस्तूसाठी मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. ५ ते १० लाखांपर्यंत २०० रुपये. कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत तक्रार झाली पाहिजे. डीलर आणि कंपनी दोघांनाही पक्षकार करा, म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवता येणार नाही.

एक इशारा. पहिल्याच अर्जात नवी गाडी मागण्याचा मोह होतो. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली एका प्रकरणात असे ठरवले, की वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची हमी असेल, तर संपूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश योग्य नाही. उत्पादनातलाच दोष आहे असे म्हणायचे तर तज्ज्ञाचा अहवाल लागतो. तपासणीची मागणी आयोगाकडे करता येते. म्हणून प्रथम बिनखर्ची दुरुस्ती, भरलेले पैसे आणि झालेल्या त्रासाची भरपाई मागा.

बंधूंनो, वरिष्ठाचा तोंडी हुकूम आपण लेखी मागतो. मग काउंटरपलीकडच्या माणसाचा तोंडी नकार का स्वीकारायचा? आज घरी गेल्यावर दोन कामे करा: वॉरंटीचे पुस्तक वाचा आणि सगळी जॉब कार्डे एका फाइलीत लावा. ज्याला पत्र लिहिणे जड जाते, त्याने शाखेत यावे. आपण बसून लिहू.