पहिल्या दिवसाचा चीक

कुत्री गाभण आहे असं कळलं की घरातलं कुणीतरी लगोलग कॅल्शियमची बाटली घेऊन येतं. त्यामागे माया असते. तरीही माझी पहिली विनंती हीच, की डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय गाभणपणात ती बाटली उघडू नका.

रक्तातलं कॅल्शियम उतरलं की गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी ते हाडांतून काढून देतात. बाहेरून आयतं मिळत राहिलं की या ग्रंथी सुस्तावतात. मग व्याल्यावर दोन-चार आठवड्यांनी, दूध ऐन भरात असताना, त्यांना मागणी पुरवता येत नाही. कुत्री धापा टाकते, पिलांकडे बघेनाशी होते, पाय ताठतात, पुढे झटके. पॉमेरेनियनसारख्या लहान चणीच्या आणि बरीच पिलं पाजणाऱ्या कुत्रीला हा धोका जास्त. अशी लक्षणं दिसली तर घरी काही पाजत बसू नका, तडक दवाखाना गाठा. शिरेतून, हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवून, हळूहळू कॅल्शियम द्यावं लागतं.

मग द्यायचं काय? पोटभर, चांगलं अन्न. गाभणकाळ साधारण 63 दिवसांचा. पहिले पाच आठवडे नेहमीचाच आहार पुरतो. नंतर तो हळूहळू वाढवत सव्वा ते दीडपट करा, पण थोडा-थोडा, कारण भरल्या पोटात जागा उरत नाही. पिलांसाठीचं तयार खाद्य या काळात आईलाही मानवतं. नुसता दूधभात पुरत नाही. काळीज रोज भरपूर घालू नका; जीवनसत्त्व 'अ' जास्त झालं तर गर्भात व्यंग येऊ शकतं. गल्लीतली कुत्री व्याली की पोरं घरोघर हिंडून रवा-गूळ गोळा करतात आणि तिला शिरा घालतात. ही रीत मला फार मोलाची वाटते. फक्त त्यात बेदाणे नकोत, त्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. जोडीला उकडलेली अंडी द्या.

आता पिलांकडे येऊ. माणसाच्या बाळाला आईची प्रतिपिंडं पोटात असतानाच भरपूर मिळतात, वासराला जवळजवळ मिळतच नाहीत. पिल्लू वासराच्या जवळचं: जेमतेम पाच-दहा टक्के वारेतून, बाकी सगळी चिकातून. आणि प्रतिपिंडं अखंड शोषून घेण्याची आतड्याची ताकद जन्मानंतर काही तासांतच ओसरू लागते, दिवसभरात संपते. म्हणून पहिल्या आठ तासांत प्रत्येक पिल्लू आचळाला लागलंच पाहिजे. सिझेरियन झालं असेल तर आई गुंगीत असतानाही, हाताने धरून.

गारठलेलं पिल्लू चोखत नाही. पहिल्या आठवड्यात त्याला कुडकुडून ऊब आणता येत नाही, म्हणून जागा 30 अंशांच्या आसपास उबदार हवी. गार पडलेल्या पिलाला दूध पाजू नका, आतडं थंडावलेलं असतं. आधी ऊब, मग दूध. स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज वजन करा. आठ-दहा दिवसांत ते दुप्पट व्हायला हवं.

चिकात उतरतं ते आईच्या रक्तातलंच. पार्व्हो या जीवघेण्या विषाणूची लस मिलनाआधी टोचलेली असेल तर तिची प्रतिपिंडं पिलांना मिळतात. गाभणपणात जिवंत विषाणूची लस टाळतात. चीक मिळाला नाही तर ती उणीव कुठल्याही डब्यातली पूड भरून काढत नाही. गाईच्या चिकाची पूड घालणारेही भेटतात. पार्व्होसाठी तिच्यावर भिस्त ठेवू नका.

1978 मध्ये जगाला ठाऊक झालेला हा पार्व्हो पिलांचा काळच. आईची प्रतिपिंडं साधारण दर दहा दिवसांनी निम्मी होतात आणि असेपर्यंत लसीलाही निष्प्रभ करतात. कुठल्या पिलाची कधी संपतील हे नुसतं बघून कळत नाही. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी लस टोचत राहायची, ती सोळा आठवडे पुरे होईपर्यंत. हा शेवटचा डोस अनेक पिलांच्या बाबतीत खरोखर लागू पडणारा पहिला डोस असतो, आणि पिल्लू आता टुणटुणीत आहे म्हणून नेमका तोच राहून जातो.