शस्त्रक्रियेनंतरचे सहा आठवडे

काही व्याधी अशा असतात की त्यांत देहाची पीडा थोडी आणि मनाची फार. पुरुषाच्या छातीवर स्त्रीसारखा उभार येणे ही त्यांतलीच एक. वैद्यक तिला गायनेकोमास्टिया म्हणते. हे नाव ग्रीक आहे आणि त्याचा उगम दुसऱ्या शतकातल्या गेलनपर्यंत नेला जातो. सातव्या शतकात ईजिना बेटावरच्या पॉलस नावाच्या वैद्याने त्यावरची शस्त्रक्रियाही लिहून ठेवली आहे : खालच्या अंगाने चंद्रकोरीसारखा छेद घ्यावा, आतला मेद काढावा आणि टाके घालावेत. तेव्हा व्याधी नवी नाही, आणि तिच्यामागून येणारी लाजही नवी नाही. नवे इतकेच की, आज जयपूरसारख्या शहरात ही शस्त्रक्रिया करून घेतलेला तरुण त्याच सायंकाळी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी घरी येतो. रुग्णालयाचे काम बहुतांशी तिथे संपते आणि घराचे सुरू होते. या दुसऱ्या कामाविषयीच मला आज बोलायचे आहे.

वयात येताना पुष्कळ मुलांना असा थोडाफार उभार येतो आणि सहा महिन्यांपासून दोन वर्षांत तो आपोआप ओसरतो. आईबापांनी एवढे ठाऊक करून घेतले, तर कितीतरी मुलांचा जीव भांड्यात पडेल. ओसरला नाही, तर मात्र आतली ग्रंथी हळूहळू तंतुमय होते आणि मग औषधांचा फारसा उपयोग होत नाही. यकृताचे विकार, हृदयरोगात व रक्तदाबात दिले जाणारे स्पायरोनोलॅक्टोनसारखे औषध, व्यायामशाळांतून चोरून घेतली जाणारी स्टेरॉइड्स, क्वचित वृषणातील गाठ, अशीही कारणे असतात. म्हणून आधी वैद्य आणि मग शल्यविशारद, हाच क्रम योग्य. एकाच बाजूला कठीण गाठ लागली, तर एक दिवसही दवडू नये. स्तनाचा कर्करोग पुरुषांनाही होतो.

हे सारे लाडाचे दुखणे आहे, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. माझ्या भाच्यावर गेल्या डिसेंबरच्या अखेरीस येथल्या एका रुग्णालयात ही शस्त्रक्रिया झाली. तो नोकरीनिमित्त आमच्याकडेच राहतो. त्याच्या आईने, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीने, साताऱ्याहून दूरध्वनीवर विचारले, "दादा, एवढ्याशासाठी चिरफाड कशाला?" मी तिला पुण्याच्या नाकाची गोष्ट सांगितली. टिपूशी झालेल्या युद्धात इंग्रजांच्या सैन्यात गाडीवान असलेल्या कावसजीचे नाक शत्रूने कापले होते. पुण्याजवळच्या एका कुंभार कारागिराने कपाळाची कातडी उतरवून त्याला नवे नाक करून दिले, आणि १७९४ साली लंडनच्या एका मासिकात त्याचा सचित्र वृत्तान्त छापून आला. नाकावाचूनही माणूस जगतो. तरी कावसजी लाड करून घेत होता असे कोणी म्हटले नाही. नाक सर्वांना दिसते, एवढाच काय तो फरक. जे सदऱ्याखाली झाकता येते, ते झाकावे आणि गप्प बसावे, हा आपला घरगुती कायदा. त्या कायद्याप्रमाणे हा मुलगा दहा वर्षे वागला. पोहायला शिकला नाही. रंगपंचमीच्या दिवशी दरवर्षी त्याला नेमका ताप येई. इकडे शेखावाटीत तर प्रश्न पोटापाण्याचा होतो; सीकर-झुंझुनूंकडील घराघरांतून मुले सैन्यभरतीला जातात, आणि तिथल्या वैद्यकीय तपासणीत सदरा उतरावाच लागतो.

आता शस्त्रक्रियेनंतरचे. स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाच्या खालच्या कडेने छेद घेऊन ग्रंथी काढतात आणि भोवतालचा मेद नळीने ओढून घेतात. घरी आलेला रुग्ण छातीला घट्ट बसणारी लवचीक बंडी घालून येतो. काहींना कुशीत निचऱ्याची बारीक नळीही असते. ती काही दिवसांत निघते. ही बंडी रात्रंदिवस, बहुधा चार ते सहा आठवडे, घालावी लागते. जयपूरच्या मे महिन्यात, पारा चाळिशीच्या वर असताना ती घालणे म्हणजे शिक्षाच. म्हणून सवड असेल त्याने हिवाळा धरावा. बंड्या दोन घ्याव्यात, एक अंगात आणि एक वाळत. निजायचे ते उताणे, पाठीशी उशा लावून. हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत, वजन उचलायचे नाही. बसून करायची कामे आठवड्याभरात जमू लागतात. धावणे, दंड, जोर यांना सहा आठवडे तरी सुट्टी. धूम्रपान आधीपासूनच वर्ज्य, कारण तंबाखूने सूक्ष्म रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम भरायला वेळ लागतो.

घरच्यांनी एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. दोन्ही बाजूंना सारखी सूज आणि काळेनिळे डाग असणे हे अपेक्षितच आहे. परंतु पहिल्या एक-दोन दिवसांत एकच बाजू एकाएकी फुगली, ताठरली, वेदना वाढत चालली, तर आत रक्त साकळत असण्याचा संभव असतो. तेव्हा सकाळची वाट न पाहता, मध्यरात्र असली तरी शल्यविशारदाला कळवावे. ताप, लाली किंवा पू दिसला तरी तेच.

खरी परीक्षा मात्र तिसऱ्या आठवड्यात येते. डाग हिरवे-पिवळे होऊन विरलेले असतात, आलेगेले समाचार घेईनासे झालेले असतात, आणि आरशात पाहावे तर छाती सुजलेली, कुठे कठीण, कुठे बधिर, एक बाजू दुसरीहून वेगळी. भाचा एका रात्री माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मामा, पैसे पाण्यात गेले." मी कारकुनी मनुष्य, कागदावर असेल तेवढेच सांगू शकलो. कागदावर लिहिले होते की, सूज पुरती उतरायला तीन ते सहा महिने लागतात, बधिरता त्याहूनही रेंगाळू शकते, आणि व्रणाची लाली विरायला वर्ष लागते. त्याचे समाधान झाले असे मला वाटत नाही. पण रोज आरसा पाहण्याऐवजी महिन्यातून एकदा छायाचित्र घ्यायचे, एवढे त्याने मान्य केले.

त्याच सुमारास संक्रांत आली. जयपुरात त्या दिवशी सारे शहर गच्चीवर असते आणि सूर्य मावळेपर्यंत 'वो काटा'च्या आरोळ्या उठत असतात. पतंगाला ढील द्यायची म्हणजे हात वर आणि खांद्याला हिसका, दोन्ही वर्ज्य. तो मांजाची फिरकी धरून बसला. शेजारच्या मुलांनी कारण विचारले. मी काहीतरी सबब सांगणार तोच तो म्हणाला, "छातीचे ऑपरेशन झाले आहे." ते शेजारच्या आजींच्या कानी गेले. छाती म्हणजे हृदय, असे त्यांनी धरले, आणि पुढचा पंधरवडा त्यांच्या घरून बिनतुपाचे फुलके येत राहिले. शेवटी त्यालाच जाऊन खुलासा करावा लागला. दहा वर्षे जे सख्ख्या आईला सांगवले नाही, ते त्याने परक्या आजींना मोडक्या हिंदीत सांगितले. आजी म्हणाल्या, मग तूप खा.

या शहराने बरे होण्याचे एक माप साऱ्या जगाला दिले आहे. सवाई मानसिंह रुग्णालयात १९६८ च्या सुमारास कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी जो जयपूर पाय घडवला, तो परदेशी पायांपेक्षा दिसायला सरस म्हणून नव्हे, तर तो लावून उकिडवे बसता येते, मांडी घालता येते, अनवाणी ओल्या शेतात उतरता येते म्हणून गाजला. रुग्ण आपल्या नित्याच्या जगण्याकडे परतला का, एवढाच तिथे प्रश्न. छातीच्या या लहानशा शस्त्रक्रियेलाही मी तेच माप लावतो. शल्यविशारदाच्या हिशेबी सहाव्या आठवड्यात काम झाले होते; बंडी सुटली, काढलेल्या ग्रंथीचा तपासणी-अहवाल निर्दोष आला, व्यायामाची मुभा मिळाली. पण खांदे पुढे काढून पोक काढायची आणि कचेरीची पिशवी छातीशी धरून चालायची दहा वर्षांची सवय कोणत्या चाकूने काढायची? तिला बंडी नाही आणि मुदतही नाही. माझी पत्नी त्याला जातायेता 'ताठ बस' म्हणे. ते मी बंद करवले, कारण त्याने तो अधिकच आक्रसून घेई.

मार्चमध्ये धुळवड आली. येथे रंग त्याच दिवशी खेळतात. सकाळी आठाला तो पातळ पांढरा सदरा घालून बाहेर पडला आणि दुपारी दोनला परतला. केसांपासून टाचांपर्यंत गुलाबी, सदरा अंगाला चिकटलेला. न्हाणीघर तासभर त्याच्याच ताब्यात होते, आणि त्या फरशीवरचा रंग अजून गेलेला नाही.